मानशीची वेळ

चि. गौरेश यास,

खाडीच्या बांधातील मानस, म्हणजे भरतीचे पाणी अडवणारे दार, सकाळी सहाला उघडावे आणि सायंकाळी सहाला बंद करावे, हा नियम पार्शाच्या शेतकरी मंडळाचा अध्यक्ष म्हणून तू केलास. भरती चंद्रामागून चालते आणि चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा उगवतो. सबब एकच वेळ महिनाभर चालणे अशक्य. अवसेच्या दुपारी उघड्या दारातून खाडी शेतात शिरली. सगुणचे भात कुजले. त्याची जमीन आणखी दोन वर्षे खारट राहील. आणि तू उधाण ‘अनपेक्षित’ होते असे लिहितोस! अवस दर महिन्याला येते, गौरेश.

चाळीस वर्षे चंद्र पाहून मानस राखणाऱ्या सगुणला तू काढलेस, तेव्हा त्याने भर सभेत मला विचारले होते, "मास्तरांनू, चंद्र तुमचा घड्याळ बघून उगवता काय?"

त्यावर सर्वांत आधी हसलो तो मी, तीस वर्षे तर्कशास्त्र शिकवलेला. तुझ्या नियमाला अनुमोदनही माझेच होते.

म्हणून हे पत्र तूर्त खिशातच राहील. तुला जाब विचारण्याआधी सगुणच्या दारी जाऊन मला माझा जाब द्यायचा आहे.

तुझा काका,
शांताराम