सुनावणीची तारीख

अण्णा, तुम्ही जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि मी आता एका कंपनीत एचआर मॅनेजर आहे. हो, मालकाच्या बाजूची. ऐकून तुम्ही खवळला असतात, म्हणून तेच आधी सांगितलं. दुसरी खबर त्याहून वाईट: तुमचा लाडका कायदा गेला. शंभराच्या वर कामगार असले की सरकारच्या मंजुरीशिवाय कपात करता यायची नाही, तो आकडा आता तीनशेवर गेलाय. संसदेत नव्या कायद्याला मंजुरी मिळाली तेव्हा विरोधक बाहेर निघून गेले होते. आवाजी मतदान झालं. मी कॅन्टीनमध्ये भजी खात मोबाईलवर बघत होते. तुमची एखादी गेटसभासुद्धा याहून जास्त रंगायची. मग काही वर्षं तो नुसताच पडून राहिला, आता लागू झालाय. आमच्या प्लांटमध्ये माणसं दोनशे चाळीस.

तुम्ही युनियनचे पुढारी होतात त्या चिकलठाण्याच्या कंपनीला सरकारनं सुनावणीत कपातीची मंजुरी नाकारली, तो दिवस मला लख्ख आठवतो. भरदुपारी तुम्ही गुलालानं माखून घरी आलात, मागं पंचवीसेक माणसं. आई स्टोव्हवर चहाचं पातेलं चढवते, उतरवते, पुन्हा पाणी घालून चढवते. त्याच दिवशी माझी दहावीची गुणपत्रिका मिळालेली. "अण्णा, माझं बघा ना," म्हणत मी गर्दीतून तुमच्यापर्यंत आले, तर तुम्ही सगळ्यांदेखत म्हणालात, "एवढ्यांच्या चुली वाचल्या आन् हिला मार्कांचं पडलंय! हिला एखाद्या मालकाच्या घरी देऊन टाका रे!" हसले सगळे. सगळ्यात मोठ्यांदा हसले ते तुमचे उजवे हात, ज्यांना मी काका म्हणायचे. आईनं तेवढं बशा मोजायचं काम चालू ठेवलं.

तुमच्याकडून मी एकच शिकले. माणसाला नावानं हाक मारायची, त्याच्या घरचं विचारायचं. कपातीची यादी करताना फार उपयोग झाला. कुणाचा नवरा गप्प बसेल, कोण गेटवर बोंबलेल, मला सगळं ठाऊक होतं. यादीत काकांची पोर होती, पॅकिंगला, दोन लेकरांची, नवरा सोडून गेलेला. शनिवारपर्यंत राजीनाम्यावर सही केली तर शेंद्र्याच्या नव्या शेडमध्ये मुदतीची नोकरी. नाही केली तर सोमवारी घरी. एवढाच सौदा होता.

शुक्रवारी काका आले. ऐंशीला टेकलेत, कानाला कमी येतं. पिशवीतून तुमचं कायद्याचं पुस्तक काढलं, तुमच्या लाल पेन्सिलीच्या रेघांसकट. म्हणाले, "पोरी, सरकारच्या मंजुरीबिगर कुणाला काढता येत नाय. मी समद्यांला सांगितलंय, सुनावणी होऊ द्या, तवर सही करू नका. तारीख लागंल ना?"

सुनावणी आता होतच नाही, हे एका वाक्यात सांगता आलं असतं. मी म्हणाले, "लागेल की, काका."

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "बापावर गेलीस बघ. मला वाटायचं, तू त्यांच्यातली झालीस." मी त्यांना चहा पाजला, रिक्षा बोलावून दिली.

शनिवारी अकरा जणांनी सही केली नाही. सोमवारी त्यांच्या हातात नोटिसा पडल्या. काकांची पोर गेटवर मला अडवून म्हणाली, "ताई, तारीख कधीची हाय? अण्णांच्या वक्ताला तर लागली व्हती."

"कसली तारीख?" मी विचारलं. ती वळली आणि औरंगपुऱ्याच्या रिक्षात जाऊन बसली. काकांचा त्यानंतर फोन नाही.

हे मी ऑफिसच्याच कोऱ्या कागदांवर लिहितेय, संपलं की श्रेडरमध्ये घालणार आहे. इतके दिवस मी मनाशी म्हणत होते, बरं झालं, तुमच्या त्या दुपारचं उट्टं निघालं. खोटं आहे ते. उट्टं वगैरे तेव्हा डोक्यातही नव्हतं. हात डोक्यावर आल्यावर तरी खरं सांगितलं असतं, तर काकांनी तो काढून घेतला असता, आणि मी तुमच्यावर गेलेय असं आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी म्हणालं होतं.