हलकं इंजिन

ता. २ नोव्हेंबर १८९८, कल्याण
वाचनालयात इंग्रजी पेपर वाचला. जर्मनीत एकानं नवं इंजिन केलंय. बॉयलर नाही, ठिणगी नाही. सिलिंडरात हवा दाबायची, ती तापते, मग तेल सोडलं की आपोआप पेट घेतं. तेल अगदी थोडं लागतं. वाचल्यापासून एका जागी बसवत नाही. तेल थोडं म्हणजे ओझं थोडं. मग हे इंजिन उडणाऱ्या यंत्राला का लावू नये? जर्मनाच्या हे लक्षात आलेलं दिसत नाही.

ता. ३
संकल्प : होळीपर्यंत इंजिन तयार. तोवर मालधक्क्यावरची कारकुनी सोडू नये. साहेबाला कळवू नये.

ता. २०
बायकोला तत्त्व समजावलं. कलावती म्हणाली, उडून जायचंय कुठे? प्रश्न गैरलागू. तरी माहेरचा तांब्याचा हंडा दिला तिनं, तेलाच्या टाकीसाठी.

ता. १८ डिसेंबर
विश्राम लोहारानं केलेला सिलिंडर हवा दाबताच फुटला. परसातली पपई आडवी झाली. शेजारच्या रखमाबाई फार बोलल्या. दोष पत्र्याचा. जाड घ्यावा.

ता. ९ जानेवारी १८९९
जाडही तडकला. आणखी जाड करायला सांगितलं. एवढं मोठं काम विश्रामला कधी मिळालं नव्हतं, तो खूश आहे. वजनाचं मागाहून बघू. ऑफिसात दोन पावत्या उलट्यासुलट्या झाल्या. साहेब उगाच चिडका आहे.

ता. २२
कलावती ठाण्याला भावाकडे गेली. म्हणाली, मातीच्या घागरीनं पाणी भरते त्याचं काही नाही, पण कितीतरी दिवसांत तुम्ही माझ्याकडे बघून बोलला नाहीत. मी त्या वेळी पिस्टन घासत होतो. इंजिन चाललं की समजूत पटेल. भात स्वतः केला. कच्चा.

ता. ५ फेब्रुवारी
यश. इंजिन पेटलं. धूर, दणका, चाकाचा एक पुरा फेरा. मग थांबलं, पण तो तपशील झाला. ठरलं : ठाण्याला नेऊन मेव्हण्याच्या दारात चालवायचं. कलावतीनं बघावं. पंख नंतर.

ता. ८
बैलगाडीचा आस मोडला. गाडीवान वाईट बोलला. दिवसभर नुसत्या येरझाऱ्या. खाडीतून न्यावं.

ता. ९
गडी लावून इंजिन खाडीपर्यंत ओढलं. भिवा नाखव्याच्या होडीत ठेवताच होडीत पाणी आलं. भिवा म्हणाला, राव, होडी मानसांची हाय, हे उतरवा. काठावर उतरवलं. चिखलात रुतलं. आता निघत नाही.

ता. १५
तसाच ठाण्याला गेलो. मेव्हणा दौलत मिठागरावर होता, बरं झालं. कलावतीला सगळं सांगू लागलो. सिलिंडरापाशीच तिनं थांबवलं, विचारलं, जेवता काय? म्हटलं, भात. म्हणाली, शिजतो का? ती आत गेली आणि गाठोडं बांधू लागली.

ता. १७
संध्याकाळी तिला इंजिन बघायचं होतं, म्हणून खाडीवर गेलो. भिवानं त्याला होडी बांधली होती. भरतीचं पाणी होडीला ओढत होतं, इंजिन तसूभर हललं नाही. भिवा म्हणाला, राव, असा खुंटा या काठाला कधी नव्हता. कलावतीनं हसू दाबायला पदर तोंडाला लावला, बराच वेळ काढला नाही.
घरी येऊन 'इंजिनाचा पहिला उपयोग' असं लिहिलं होतं. खोडलं.