हिच्या कॉफीतला अर्धा चमचा

४ फेब्रुवारी
आजपासून रोजनिशी. कुणी वाचायची नाही, तेव्हा खरं तेच लिहायचं. ठराव पहिला आणि शेवटचा: संसारात पुन्हा गोडी आणणे.
हिची पाळी थांबली तेव्हापासून ही पलंगाच्या त्या कडेला, मी या कडेला. मध्ये तिसरा माणूस ऐसपैस झोपेल. मी गाद्यांच्या दुकानात फ्लोअर सुपरवायझर. ट्रायलच्या गादीवर जोडपं कसं आडवं होतं, त्यावरून त्यांचा संसार ओळखतो. आम्ही दोघं गिऱ्हाईक म्हणून आलो असतो, तर मी दोन सिंगल दाखवल्या असत्या.
दोष माझा नाही. तटस्थपणे विचार केला. हॉर्मोन्स.

६ फेब्रुवारी
साडू दुकानात आला. हिच्या धाकट्या बहिणीचा नवरा. चांगली नोकरी सोडून सप्लिमेंट विकतो. बॅगेतून दोन डबे काढले, एक पुरुषांचा, एक बायकांचा. अश्वगंधा आणि बरोबर कसल्या कसल्या मुळ्या. शंभर टक्के नैसर्गिक. म्हणाला, आमच्याकडेच बघा ना. बघितलं. टवटवीत वाटला.
बायकांचा डबा घेतला. दुसऱ्याची मला गरज नाही.
हिला सांगावं का? सांगितलं तर म्हणणार, माझ्यात काय बिघडलंय? उगाच कशाला दुखवा. न सांगणं हेही एक प्रकारचं प्रेमच.

७ फेब्रुवारी, सकाळ
ही उठल्या उठल्या थायरॉइडची गोळी घेते आणि तासाभरानं कॉफी. आज कॉफी मी केली. अर्धा चमचा पावडर, वर जास्तीची साखर. बेडरूममध्ये नेऊन दिली. ही माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, लग्न झाल्यापासून पहिल्यांदा. चूक. एकदा हिला ताप होता तेव्हा केली होती. गॅस तेवढा हिनं उठून पेटवला होता.
म्हणाली, जरा कडू झालीय. पण संपवली.

१९ फेब्रुवारी
गुण दिसतोय! टीव्ही बघताना आपली खुर्ची सोडून माझ्या सोफ्यावर आली. बातम्या संपेपर्यंत बसली. मी हललो नाही.
साडूला फोन. तो म्हणाला, ही तर सुरुवात.

५ मार्च
आजची नोंद सविस्तर.
जेवण झाल्यावर हिनं माझा हात धरून आपल्या छातीवर ठेवला. म्हणाली, बघा ना, कसं धडधडतंय. खरंच धडधडत होतं! या वयात! मी म्हणालो, माझंही. तर हात बाजूला केला आणि म्हणाली, थट्टा नको. लाजली असणार.
शिवाय गालांवर लाली. अंग गरम. बारीकही झालीय. म्हणते, रात्र रात्र झोप नाही, कूस बदलून कंटाळते. मला काही कळलं नाही. कळणार कसं? आमची ही गादी मीच सवलतीत आणलेली. एकानं कितीही तळमळावं, शेजारच्याला पत्ता लागत नाही. हेच सांगून मी ती विकतो.

१४ मार्च
ही बेकरीत केकवर नावं लिहिते. हात असा, की छापल्यासारखं अक्षर. काल लग्नाच्या केकवर नवरीच्या नावाला मध्येच शेपूट फुटलं. हात थरथरला म्हणे. ते खरवडून पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच. मालकीणबाईंनी काही दिवस घरी बसायला सांगितलंय.
ही स्वयंपाकघरात पाठमोरी उभी राहून रडली. मी पाठीवर हात ठेवला. झटकला नाही, उलट टेकली. किती वर्षांनी!
वाईट वाटलं, पण प्रत्येक गोष्टीला दुसरी बाजू असते. आता घरात एकमेकांना वेळ मिळेल. उद्यापासून पूर्ण चमचा.

२८ मार्च
डॉक्टरीणबाईंकडे. हीच म्हणाली, तुम्ही चला बरोबर, एकटीला भीती वाटते. मला जरा छानच वाटलं.
रक्ताच्या रिपोर्टात थायरॉइड भलताच वर. बाईंनी दोनदा विचारलं, गोळीशिवाय आणखी काही घेता का, एखादी पावडर, टॉनिक? ही म्हणाली, छे हो, सकाळची कॉफी तेवढी. हे स्वतः करून देतात. आणि माझ्याकडे बघून हसली. मी पंखा बघत होतो. पंखा बंद होता.
पावडर म्हणजे काही औषध नव्हे. साडू तसं म्हणाला होता. बाईंनी हिची गोळी कमी केली. हृदयाचीही तपासणी सांगितली.
घरी येऊन डबा वाचला. अक्षर मुंगीएवढं. थायरॉइडचे औषध सुरू असल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय घेऊ नये.
डबा तिथल्या तिथे कचऱ्यात. विषय संपला. होईल हळूहळू ठीक. कुणाला कळायची गरज नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

३० मार्च
विषय संपलेला नाही. दुपारी हिनं कपाट उघडून मला समोर उभं केलं आणि कुठे काय आहे ते दाखवलं. जास्तीच्या चादरी, किल्ल्या, माझे लोकरीचे मोजे. म्हणाली, तुम्हाला हाताशी ठेवलेलं सापडत नाही, म्हणून आत्ताच सांगून ठेवते. माझ्या आईचंही असंच धडधडीपासून सुरू झालं होतं.
मी म्हणालो, भलतंसलतं बोलू नकोस. तर म्हणाली, वाईट एवढ्याचंच वाटतं हो, आत्ता कुठे तुम्ही जवळ यायला लागला होतात. सकाळी कपाचा आवाज आला, की मला बरं वाटायचं.
मोजे हातात घेऊन मी तिथेच बसलो. मला रडू आलं. हिला वाटलं, तिच्या काळजीनं. माझीच समजूत काढत बसली.
उद्या सांगतो.

३१ मार्च
आज दुकानात स्टॉक आला. राहिलं.

२ एप्रिल
हृदयाची तपासणी. ही आत, मी बाहेर. डॉक्टरीणबाई भेटल्या. म्हटलं, सहज एक शंका. माझा एक मित्र आहे. त्यानं बायकोला नकळत, चांगल्या हेतूनं, कॉफीतून... बाईंनी पुरतं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, तुमच्या मित्राला म्हणावं, आत्ताच्या आत्ता आत जा आणि बायकोला सांग. ती मरणाच्या भीतीनं अर्धी झालीय.
मित्र आत गेला.
ही आडवी होती, अंगाला वायरी लावलेल्या. सांगितलं. अश्वगंधा, नैसर्गिक, अर्धा चमचा, मग पूर्ण. ही छताकडे बघत होती. विचारलं, रोज? म्हटलं, रोज. रविवारीसुद्धा.
मग म्हणाली, मला वाटलं, तुम्ही कॉफी देत होतात.

९ एप्रिल
हृदय ठणठणीत. मी म्हणालो, बघ, काही निघालं नाही ना! बोलायला नको होतं.
ही ओरडत नाही, भांडत नाही. आदळआपट केली असती तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. आज एवढंच बोलली. म्हणाली, मला इच्छा नव्हती असं नाही. नुसतं जवळ बसावं, दिवसभरातलं काहीबाही बोलावं, एवढी होती. तुम्ही कधी विचारलं नाहीत, चमचा उचललात.
विचारायचं हे मला सुचलंच नव्हतं. खरंच नव्हतं सुचलं.

१३ एप्रिल
मेहुणी आली होती. माझ्यासमोर साडूला फोनवर फैलावर घेतलं. बोलता बोलता कळलं, साडू गेली कित्येक वर्षं हॉलमध्ये झोपतो.

१७ मे
रिपोर्ट नॉर्मल. हात स्थिर. बेकरीनं हिला परत बोलावलं. थोडक्यात, सगळं मार्गी लागलं. ही माझ्याशी व्यवस्थित बोलते. दूध संपलंय, प्लंबर येऊन गेला, वगैरे. मी सकाळी कॉफीचं विचारलं, तर तिची झालेली होती. हल्ली माझ्याआधी उठते.
नवा ठराव: घाई नाही. ती विसरेल. माणूस विसरतोच. काळासारखं औषध नाही. औषध हा शब्द नको. काळ जाऊ द्यावा, एवढंच.

२६ मे
जेवताना हिला जोराचा ठसका लागला. डोळ्यांत पाणी आलं, श्वास पुरेना. मी धावत जाऊन ग्लास भरून आणला आणि हातात दिला. हिनं तो उजेडाकडे धरून बघितला. मग टेबलावर ठेवला, आणि ठसकत ठसकतच उठून, नळाला ओंजळ लावून पाणी प्यायली. परत येऊन बसली. म्हणाली, असू दे, झालं माझं. अगदी नीट म्हणाली, रागानं नाही.
मग ती उठून गेली. ग्लास तसाच होता. साधं पाणी होतं. देवाशपथ, साधं पाणी होतं.