बाबांचा कान

ता. ४ मार्च

चि. धाकट्या,

ताईचे आशीर्वाद. सवयीने लिहिणार होते की इकडे सर्व ठीक आहे. पण ठीक नाही.

बाबा कारखान्यात बॅटी नापास करत सुटले आहेत. अजूनही प्रत्येक बॅट कानाशी धरून लाकडी हातोडीने ठोकतात. आवाज खणखणीत आला तर पास, बद्द आला तर कोपऱ्यात. पूर्वी कोपऱ्यात एखादीच पडायची, आता ढीग लागलाय. त्यातल्या काही मी गुपचूप ठोकून पाहिल्या, मला चांगल्या वाटल्या. पण वाटल्या म्हणजे असतीलच कशावरून? बाबांना ऐकू कमी येतंय एवढं मात्र नक्की. चहाची हाक त्यांच्यापर्यंत पोचत नाही.

पुढच्या रविवारी लंबू कॅप्टन नातीला घेऊन येताहेत. तिची पहिली बॅट बाबांनीच पारखून द्यावी, असा त्यांचा हट्ट आहे. त्यांच्यासमोर बाबांचं हसं झालं तर? की आधीच सांगू, आता हातोडी माझ्याकडे द्या? सुतारकाका म्हणतात, सांगून टाक, फार तर ओरडतील. ओरडले तर बरंच रे. गप्प बसले तर मी काय करू?

लगेच कळव. माया आहेच, ती या वेळी जरा कागदावर उतरव.

तुझी ताई

ता. ८ मार्च

ती. ताईस,

सा. न. वि. वि.

लंबू म्हटल्यावर त्यांनी आपल्या दाराच्या चौकटीवर आपटलेलं डोकंच आठवलं! एवढा मोठा खेळाडू, पण बाबांनी बॅट कानाशी धरली की तोंडातलं बिस्कीटसुद्धा चावायचे नाहीत. मला उचकी लागली तर माझं तोंड त्यांनीच दाबून धरलं होतं. त्या बाबांना हातोडी दे म्हणायचं? माझ्याच्याने झालं नसतं, म्हणून तुलाही सांगवत नाही.

एक करून बघ. ते ठोकत असताना समोर उभी राहू नकोस. तू समोर असलीस की मला येणारे पाढेही विसरायला व्हायचं. त्यांचंही तेच होत असेल.

रागावू नये, लोभ कमी करू नये.

तुझा धाकटा

ता. ११ मार्च

चि. धाकट्या,

आशीर्वाद. तुझं ऐकलं, आत जाऊन बसले. बाबा हातोडी मांडीवर ठेवून नुसते बसून राहिले. मी कामात आहे असं सुतारकाकांनी सांगितलं, तर म्हणाले, येऊ दे तिला, घाई नाही.

शेवटी मी बाहेर गेले. त्यांनी बॅट ठोकली आणि माझ्याकडे पाहिलं. बॅटकडे नाहीच. पुढची चांगली वाजली, तरी मी मुद्दाम कपाळाला आठी घातली. बॅट कोपऱ्यात गेली. असं करायला नको होतं मी.

कळलं ना? ते माझा चेहरा ऐकतात. कधीपासून, देव जाणे. म्हणजे कोपऱ्यातला तो सगळा ढीग माझ्या काळजीचा आहे. आणि रविवारी त्या मुलीची बॅट माझ्या कानावर ठरणार! फार भीती वाटते आहे.

आठवण ठेव.

ताई

ता. १५ मार्च

चि. धाकट्या,

आशीर्वाद. कॅप्टन आले. आता पाठ वाकली आहे, तरी दारातून येताना सवयीने डोकं खाली घातलंच. बाबांनी बॅट उचलली आणि सगळे श्वास रोखून उभे राहिले. माझी छाती इतकी धडधडत होती की पहिला ठोका मला ऐकूच आला नाही. बाबा थांबले. पुन्हा ठोकली. बद्द होती. माझा चेहरा पडला, बॅट कोपऱ्यात. नातीला नेमकी तीच हवी होती, ती फुरंगटली. पुढची खणखणीत वाजली. मला हसू आलं आणि बाबांनी ती तिच्या हातात दिली.

ते गेल्यावर बाबा हातोडी पुसत म्हणाले की काळजी करायची तर घरी करत जा, इथे मालाची नासाडी होते.

म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं! कोपऱ्यातला ढीग उद्यापासून पुन्हा ठोकायला घेणार आहोत, दोघं मिळून.

ती मुलगी त्या बॅटने पहिला सामना खेळेपर्यंत माझ्या जिवात जीव नाही. ती काळजी मात्र घरी बसून करते आहे.

येऊन जा. लोभ पत्रात मावेनासा झालाय.

तुझी ताई