बांधावरची पेटारी

आबा, तुमचं मला सगळ्यात ठळक काय आठवत असेल, तर तुमची मूळव्याध. रागावू नका. बापाची माया वगैरे लिहायला बसले होते, पण आठवलं ते हेच. रोज सकाळी तुम्ही बांधावर जाता, पेटारीचा पाला ओरबाडता, तोंड वाकडं करून चावता. खुरपणीच्या बाया बाकीचं सगळं तण काढत, पण त्या पिवळ्या फुलांच्या झुडपांना हात लावायची कुणाची टाप नव्हती. "माझं औषध हाय ते, ऱ्हाऊ द्या," असं तुम्ही ओरडायचात.

भूकंपात घर पडलं आणि आपण औशाजवळच्या शेतात, पत्र्याच्या शेडमध्ये राहायला आलो. जुन्या घरात पाळीच्या दिवसांत बसायला मागची खोली तरी होती, इथे कोपराही नाही. मग आई मला तुरीपलीकडच्या बाभळीखाली बसायला पाठवी, आणि वाट तुरीतूनच होती. मी तेव्हा दहावीत. तुरीला शेंगा लागल्या आणि शेंगाशेंगांत अळी निघाली. तुम्ही एक शेंग फोडून माझ्या तोंडापुढे धरलीत.

"तुरीतनं गेलतीस का?"

"हाव. आईनंच..."

"बघ मग. तुझ्या विटाळानं केलं हे."

आई म्हणाली, "लेकरू हाय, बसावं तरी कुठं तिनं?" तुम्ही तिच्याकडे पाहिलंही नाही. उन्हाळ्यात निकाल लागला. गावोगावची हुशार पोरं तेव्हा लातूरला क्लासला निघाली होती. मलाही पाठवा, डॉक्टर होईल, असं सांगायला मास्तर शेडपर्यंत आले. मी पिशवी भरून ठेवली होती. तुम्ही हसलात. "जिच्या सावलीनं तूर जळती, तिच्या हातचं औषध कोण खाईल?" मास्तरही हसले. दोन वर्षांनी तीच पिशवी घेऊन भाऊ लातूरला गेला, आणि मला तुम्ही कंधारला देऊन टाकलंत.

तिथे एकदा शेतीशाळेत कृषी खात्याचा माणूस हातात फांदी घेऊन उभा राहिला. पेटारीची. तुरीला फूल नसतं तेव्हा शेंगा खाणारी अळी हिच्यावर जगते, वाढते, तिचे पतंग होतात आणि तूर कळीवर आली की तिच्यात अंडी घालतात, म्हणून बांधावरचं हे तण आधी उपटा, असं तो सांगत होता. मी इतकी हसले की बाया माझ्याकडे बघायला लागल्या. दुसऱ्या दिवशी एसटीने तुमच्याकडे आले. तुम्ही अंथरुणाला खिळलेले. सगळं शांतपणे सांगितलं. तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "मंग पाला कोण आणून देणार?" एवढंच. मी बाहेर गेले, बांधावरची सगळी पेटारी मुळासकट उपटली आणि तुम्हाला दिसेल अशा जागी पेटवली. नंतर तुम्ही पाला मागत कण्हत होतात, आणि मी शेडच्या दाराशी बसून पोटभर जेवले. त्याचं मला आजही वाईट वाटत नाही.

हे पत्र मी चुलीत घालणार आहे, कारण पुढचं लेकीच्या हाती पडायला नको. गेल्या वर्षी माझी पाळी कायमची थांबली. यंदा तूर फुलावर आली, तेव्हा आसपास कुणी नाही असं बघून मी तिच्यातून मधोमध चालत गेले. तोवर, आबा, अळीचं सगळं ठाऊक असूनही, त्या दिवसांत मी बांधावरून वळसा घालूनच जात होते.