सर वर आहेत

६ एप्रिल
हेल्मेट डोक्शात रुतते. अंबाडा मावतच नाही. ज्यानं बनवलं त्याच्या मायले केस नसतील. शिवी देऊन झाली, आता जय भीम.

सक्करदऱ्याच्या साइटवर आजपासून सगळ्याइले पिवळं हेल्मेट. मिस्त्री, विटा-गिट्टी वाहणाऱ्या रेजा, अन् मी तराईवाली. नव्या स्लॅबले पाणी मारणं माहं काम, त्याले डोक्शावर टोप कायले पाहिजे? मागं एक डब्बी चिकटवली, आत सिम. ऋषिकेश इंजिनिअरनं समजावलं का माणूस कुठं आहे ते स्क्रीनवर टिपक्यावानी दिसते. लय वेळ हलला नाही तं डब्बी किरकिरते. बटन दाबलं म्हणजे माणूस ठीक. नाही दाबलं तं घरच्या नंबरवर फोन जाते.

घरचा नंबर मी धम्मानंदचा देला. माहा पोरगा, पुण्याले राहते.

मी इचारलं, हे टिपके पाहते कोण. तो म्हणे, सगळं पुण्याले जाते, सर वर.

तो तेवढंच बोलून गेला. पण समजलं मले.

७ एप्रिल
सकाळी दात घासता घासता जमलं. धम्मा पुण्यात. काम कंप्युटरवर. हापिस सातव्या माळ्यावर, म्हणजे वर. हाताखालचे पोट्टे त्याले सर म्हणतात. पुण्यात असे किती सर वर बसले असतील?

दिवाळीपासून त्याचा फोन नाही, म्हणून मी उगीच चिडून राहिली होती. आजपासून चिडणं बंद. जो दिवसभर मायले पाहते तो फोन काहून करन? हेल्मेट कालच आलं हे खरं. पण तयारीले महिने लागले असतील ना.

तंबाखूचा खर्रा पण बंद. पोरगा पाहून राहिला.

९ एप्रिल
खर्रा अर्धाच खाल्ला. पिलरच्या मागं.

११ एप्रिल
दुपारी लिंबाखाली भाकर खाऊन बसली होती. डब्बी किरकिरली. संग काम करणारी भावना म्हणे, मावशी, बटन दाबा वं. मले सांगते. धम्मानं किरकिरून इचारलं, जेवली काय. मी दोनदा दाबलं. एक डाव 'हो', अन् एक डाव 'तू जेवला काय'. मंग किरकिर बंद झाली. म्हणजे जेवला.

नात रोशनीले सांगतलं. माह्या पोरीची पोरगी, कॉलेजसाठी माह्याजवळ राहते. ते म्हणे आजी, 'सर वर' नाही, 'सर्वर', एकच शब्द आहे. अन् मामाची कंपनी बँकेचं काम करते, हेल्मेटाचं नाही. बी.कॉम.ले एवढं खोटं शिकवतात. शब्द तोडून लिवला का जोडून, माणूस तोच राहते ना?

१४ एप्रिल
जयंती. साइट बंद. धम्मा येईन म्हणाला होता, मागच्या साली. आला नाही. रोशनीच्या फोनवर निळा फोटो पाठवला, तो सगळ्याइलेच पाठवते.

पण मी कच्ची नाही. हेल्मेट काल पिशवीत घालून घरी आणलं होतं. पांढरं पातळ, त्यावर पिवळं हेल्मेट, अशीच चौकातल्या मिरवणुकीत गेली. पोट्टे हासले. हासू दे. बाकीच्या माया घरी वाट पाहून राहिल्या असतील, मी पोराच्या डोळ्यासमोर होती.

१९ एप्रिल
आता सिमेंटातही डब्बी पुरली. स्लॅब तापला, वाळला का तेच सांगते, अन् नळ्याइतून पाणी आपोआप उडते. मी म्हटलं, आठ दिवस चालन, मंग मलेच हाका माराल. ऋषिकेश खाली पाहून म्हणे, आजी, पुढच्या महिन्यापासून तराईले माणूस लागत नाही.

भावना रडकुंडीले आली. मी नाही. मायनं उन्हात पाइप ओढू नये म्हणून त्यानंच वरून सांगतलं असन. सांगाची पद्धत कोरडी आहे त्याची. बापावर गेला.

२३ एप्रिल
पाणी बरोबर उडून राहिलं. माह्यापेक्षा सारखं पडते. हे मी कोणाले सांगणार नाही.

२४ एप्रिल
भावनानं दाखवलं, आपण जितकं चालतो तितकी स्क्रीनवर रेघ उमटते. मंग काय. दुपारी स्लॅब रिकामा होता. चालत चालत 'ध' काढला. आधी गाठ, मंग पोट, मंग उभी काडी. मले पहिलं लिवता आलं ते हेच अक्षर. त्याच्या शाळेच्या डब्ब्यावर नाव टाकाचं होतं म्हणून शिकली.

काडी पुरी झाली तोच ऋषिकेश आला. सिस्टीम म्हणे सांगून राहिली का माणूस सळाखीजवळ संशयाचे चक्कर मारून राहिला. चोरीचा वहीम. मी म्हटलं, पाय मोकळे करून राहिली बाप्पा.

तरी बरं. दिसली तं खरी पुण्यात. चोट्टी म्हणून का होईना.

२५ एप्रिल
आज ठरवलं, बटन दाबाचं नाही. त्यालेच फोन जाईन. थोडा घाबरला पाहिजे.

वरच्या स्लॅबवर सावलीत बसली. डब्बी किरकिरली. नाही दाबलं. अजून किरकिरली, जोरानं. हात मांडीखाली घालून बसली.

ऋषिकेश धावत आला. तोंड पांढरं पडलं होतं. मी बसलेली दिसली तं पायरीवरच खाली बसला. मले शिव्या देल्या असत्या तं चाललं असतं. त्यानं पाणी देलं. म्हणे, मशीननं तुमच्या पोराले फोन लावला. पहिला वाजून वाजून बंद पडला. मंग दोन डाव त्यानं कापला.

मी म्हटलं, कापला म्हणजे कामात असन. पण वरून पाहिलं असनच त्यानं.

त्यानंच डब्बीचं बटन दाबलं. मंग हळू आवाजात म्हणे, "आजी, सर्वर म्हणजे सर नाही. मोठं कपाट राहते ते, थंड खोलीतलं. त्यात माणूस नसते."

मी म्हटलं, बरं.

म्हणजे 'तू जेवला काय' हे मी कपाटाले इचारलं.

२६ एप्रिल
रोशनीच्या फोनवर मामाचा मेसेज आला. ते वाचून दाखवेना. भांडे घासाले लागली. मंग मीच वाचला. कोण्या कंपनीचा रेकॉर्ड केलेला फोन येऊन राहिला होता, मीटिंगमधी त्रास झाला, नंबर ब्लॉक केला. आईच्या साइटवर सांग का माहा नंबर काढा.

खालपर्यंत वाचलं. माह्याबद्दल इचारलेलं काही नव्हतं. बोटानं सरकवून पाहिलं, अजून खाली काही आहे का. नव्हतं.

कायले शिकली मी वाचाले.

२ मे
तराई संपली. ऋषिकेशनं गेटजवळ बसवलं. सांजच्याले हेल्मेटं जमा करून चार्जिंगले लावाचे, सकाळी ज्याचं त्याले द्याचे. सावलीतलं काम आहे. बसून बसून डब्बी किरकिरते. बटन दाबते.

आता एकच डाव दाबते.

घरच्या नंबरच्या जागी रोशनीचा लिवला. धम्मानंदले कोणीच फोन लावाचा नाही, पोरगं कामात राहते. अन् रोशने, तू वाचतच असशीन हे, मले माहीत आहे. वाजला तं तू उचलजो. कॉलेजात असली तरी, पहिल्या घंटीले. कापाचा नाही.