जळाला तरी चालेल असा बोर्ड

आण्णा, गेल्या महिन्यात मी शाळेच्या प्रयोगशाळेसाठी एक बोर्ड निवडला. बोर्ड म्हणजे बोटभर लांबीची हिरवी पट्टी. तिच्यावर एक चिप असते आणि आपण लिहून दिलेल्या सूचना ती पाळते. पाणी आहे का बघ, नसेल तर मोटर बंद कर, एवढं सांगून ठेवलं की ती न कंटाळता तेच करत बसते. माझ्या नववीच्या मुलांना हाच प्रयोग करायचा होता. हे तुमच्यापर्यंत पोचायचं नाही, तरी लिहिते, कारण हे काम तुमचं होतं.

मुरुम गावाच्या अलीकडं आपल्या शिवारात सहकारी संस्थेची विहीर होती आणि तिच्यावरची मोटर तुम्ही चालवायचात. मी शाळेत होते त्या दुष्काळात विहिरीचं पाणी बघता बघता तळाला जायचं, म्हणून तुम्ही काठावर बसून आवाजाकडं कान लावायचात. पंपानं हवा ओढली की आवाज फाटतो, हे मी तुमच्याकडूनच शिकले. त्या दिवशी मी डबा घेऊन आलेय आणि संस्थेचे सेक्रेटरी सायकलवरून येतात. "खाली पाईप फुटलाय, पळा. मी थांबतो हितं." तुम्ही पान्हा उचलून पळता, मी तुमच्या मागं. पाईप बांधून परत येतो तर काठावर कुणीच नाही, पंप कोरडाच फिरून जाम झालेला आणि जळक्या तारांचा वास बांधावरच्या शेवग्यापर्यंत आलेला. तुम्ही मोटरवर हात ठेवला आणि चटका बसला तरी काढला नाही.

संध्याकाळी मोटर जळाल्याचा जाब विचारायला चावडीवर सगळी सभासद मंडळी जमली. तुम्ही मान खाली घालून उभे. सेक्रेटरी पलीकडं बसून चष्मा पुसत होते. मी म्हटलं, "आण्णा, सांगू का मी?" तुम्ही एवढंच म्हणालात, "तू गप बस." तुमचा तसला आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. घरी आई चुलीपुढं बसली होती. "तुमी बोलला का न्हाय?" तिनं विचारलं. "बोलून मोटर चालू व्हणार हाय का?" तुम्ही म्हणालात आणि ताट तसंच सारलंत. नवी मोटर संस्थेला जमली नाही, राहिलेली पिकं उभ्या उभ्या वाळली. तुम्ही रोजगार हमीच्या खडीवर गेलात, आणि पुढं तिथंच एका दुपारी छातीत कळ येऊन पडलात. मी तेव्हा लातूरला बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला होते.

आता निवडीचं सांगते. एक बोर्ड मोबाईलवर निरोप पाठवणारा होता, एक सगळ्या पुस्तकांत असतो तो. मी घेतला सगळ्यात स्वस्त. त्याला पाय, म्हणजे तारा जोडायच्या पिना, कमी; पण पाणी ओळखायला एक तार आणि मोटर तोडायला एक, आम्हाला एवढंच लागतं. हेडसर म्हणाले, "असलं हलकं कशाला घेताय बाई? पोरं एका दिवसात जाळतील." मी म्हटलं, "जळू द्या, सर." उलटी तार लागून बोर्ड जाणारच. पण त्यापायी माझ्या वर्गातलं एकही पोर मान खाली घालून उभं राहिलेलं मला बघवणार नाही. हे त्यांना सांगितलं नाही. स्वस्त आहे, एवढंच सांगितलं.

काल बादलीत छोटा पंप सोडून बघितलं. पाणी तळाला गेलं, टक् असा आवाज झाला आणि पंप थांबला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मागच्या बाकावरच्या मुलीनं मात्र वाजवल्या नाहीत. तिच्या घरचं बोअर यंदा माघातच आटलंय. ती म्हणाली, "मॅडम, मोटर वाचली. पण पाण्याचं काय करायचं?" सगळी माझ्याकडं बघायला लागली. मी म्हटलं, घंटा झाली, उरलेलं उद्या बघू, आणि व्हरांड्यात जाऊन उभी राहिले.

घंटा झाली नव्हती, आण्णा.